जाहिरातीचा हिशेब कोणी लिहावा?

इंटरनेटवरील जाहिरातीची जागा जो विकतो, त्यानेच त्या जाहिरातीमुळे किती ग्राहक आले हे मोजावे, आणि मोजलेले पाहण्याचे साधनही त्यानेच जाहिरातदाराच्या हाती विनामूल्य द्यावे, अशी व्यवस्था गेल्या वीस वर्षांत जगभर रूढ झाली असून, तिच्याकडे जितक्या सावधपणे पाहावयास हवे होते तितके आपल्या व्यापारी वर्गाने पाहिलेले नाही. गूगलने २००५ साली अर्चिन ही मोजणीची आज्ञावली बनविणारी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ सर्वांना मोफत खुले केले. पुढे २०१६ मध्ये अहवाल मांडण्याचे तिचे ‘डेटा स्टुडिओ’ हे साधन आले, २०२२ मध्ये त्याचे नाव ‘लुकर स्टुडिओ’ झाले, आणि आज स्थिती अशी आहे की संगणकाची भाषा मुळीच न जाणणारा देवगडचा एखादा हापूसविक्रेता आपल्या जाहिरातींचा अहवाल स्वतःच्या मनाप्रमाणे मांडून घेऊ शकतो. गाववार पाहावा, मोहीमवार पाहावा, दिवसवार पाहावा, नको ते रकाने गाळावेत, हवे ते जोडावेत, दोन रकान्यांचा भागाकार करून तिसरा रकाना निर्माण करावा. यांतील कशालाही आता कोणाची परवानगी लागत नाही.

हे सामर्थ्य क्षुल्लक मानण्याची चूक मी करणार नाही. जाहिरात संस्थेने महिनाअखेरीस पाठविलेला रंगीत पानांचा अहवाल निमूटपणे स्वीकारणे एवढेच ज्याच्या हाती होते, त्या लहान व्यावसायिकाला स्वतः प्रश्न विचारण्याची सोय होणे हे एक प्रकारचे स्वातंत्र्यच आहे. पुण्याहून येणारी मागणी मुंबईपेक्षा स्वस्तात पडते काय, मोबाइलवर दुकान पाहणारा माणूस पैसे भरण्याच्या पानावरून माघारी का जातो, रात्री दाखविलेल्या जाहिरातींचा खर्च वसूल होतो की नाही, असल्या प्रश्नांची उत्तरे एका दुपारी मिळू शकतात, आणि ज्याने ती एकदा मिळविली तो पुन्हा कोणाच्या तोंडी आश्वासनावर पैसे खर्च करीत नाही. माझा आक्षेप साधनावर नाही. अहवालाची मांडणी आपल्या हाती आली म्हणजे हिशेबही आपल्या हाती आला, या समजुतीवर आहे.

आपल्या जुन्या दफ्तराची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा भेद चटकन ध्यानात येईल. पेशवाईच्या फडावर काय किंवा पेठेतील सावकाराच्या गादीवर काय, आधी रोजकीर्द लिहिली जाई, म्हणजे घडले ते घडल्या क्रमाने त्याच दिवशी नोंदले जाई, आणि मग त्या नोंदी खातेवार वेगळ्या काढून खतावणी केली जाई. खतावणी कितीही चातुर्याने मांडली तरी ती रोजकीर्दीपेक्षा अधिक खरी होऊ शकत नसे, म्हणूनच वाद पडला की धनी खतावणी बाजूला सारून रोजकीर्द मागवी. आजच्या हव्या तशा अहवालाच्या साधनाने आपल्याला दिली आहे ती खतावणीची मुभा आहे. रोजकीर्द मात्र जाहिरात विकणाऱ्याच्या वाड्यात आहे, ती त्याच्याच कारकुनाने त्याच्याच नियमांनी लिहिली आहे, आणि ते नियम तो बदलू शकतो.

बदलतोही. १ जुलै २०२३ रोजी गूगलने अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत नव्या नोंदी घेणे थांबविले आणि सर्वांना ‘जीए ४’ या नव्या आवृत्तीकडे वळविले, तेव्हा अनेक रकान्यांची नावे तशीच राहिली आणि अर्थ मात्र पालटला. पूर्वी ‘बाउन्स रेट’ म्हणजे एकच पान पाहून निघून गेलेल्यांचे प्रमाण होते. नव्या व्याख्येत आधी ‘एंगेज्ड’ भेट कोणती ते ठरते: जी दहा सेकंदांहून अधिक टिकली, किंवा जिच्यात दोन वा अधिक पाने पाहिली गेली, किंवा जिच्यात खरेदीसारखी ठरवून दिलेली महत्त्वाची घटना घडली ती, आणि जी अशी नाही तेवढीच ‘बाउन्स’ धरली जाते. त्यामुळे एक पान वीस सेकंद वाचून गेलेला माणूस जुन्या हिशेबात तोट्याच्या बाजूला होता तो नव्या हिशेबात नफ्याच्या बाजूला येऊन बसला, आणि दोन्ही काळांचे आकडे एका आलेखात जोडून ‘आमच्या प्रयत्नांनी बाउन्स रेट निम्म्यावर आला’ असे दाखविणे कोणालाही शक्य झाले. ज्याने असा आलेख काढला तो खोटे लिहीत होता असेही म्हणता येत नाही, कारण दोन्ही आकडे यंत्राने दिलेले होते. परंतु ज्याने त्या आलेखावर विसंबून पुढील वर्षाची रक्कम मंजूर केली त्याची फसगत तितकीच खरी होती.

दुसरी बाब नोंदी किती दिवस जपल्या जातात याची, आणि ती वर्षातून एकदाच येणाऱ्या मालाच्या विक्रेत्याला विशेष जाचक आहे. जीए ४ मध्ये तपशीलवार नोंदी मुळात दोनच महिने राखण्याचे ठरविलेले असते. सेटिंगमध्ये जाऊन ती मुदत चौदा महिन्यांवर नेता येते, परंतु ते आपण होऊन करावे लागते, आणि एकदा पुसल्या गेलेल्या नोंदी नंतर मुदत वाढविल्याने परत येत नाहीत. ठरीव नमुन्याच्या अहवालांवर याचा परिणाम होत नाही. होतो तो नेमका त्या ‘एक्सप्लोरेशन’ विभागावर, जेथे आपल्या मनाप्रमाणे रकाने मांडावयाचे असतात. आंब्याचा हंगाम फार तर मार्च ते मे असा चालतो. गेल्या एप्रिलात ज्या मोहिमेने ग्राहक आणले ते पुन्हा या एप्रिलात आले काय, हा त्या व्यवसायातील सर्वांत मोलाचा प्रश्न, आणि तो विचारण्याची वेळ येते तेव्हा मुदत न वाढविलेल्या खात्यात त्याचे उत्तर उरलेलेच नसते.

परंतु याहून गंभीर गोष्ट श्रेयाची आहे. समजा, नाशिकच्या एका गृहिणीने सोमवारी इन्स्टाग्रामवर आपल्या आंब्याच्या पेटीची जाहिरात पाहिली, तिच्यावर बोट ठेवून दुकानाचे पान उघडले आणि ते तसेच सोडले. गुरुवारी घरात आंब्याची गोष्ट निघाली तेव्हा तिने गूगलवर आपल्या बागेचे नाव शोधले, वर आलेल्या जाहिरातीवरून आत शिरली आणि एक पेटी मागविली. इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटाच्या रूढ नियमाप्रमाणे क्लिकनंतर सात दिवसांच्या आत झालेली खरेदी मेटाच्या खात्यात जमा होते, एवढेच नव्हे तर नुसती जाहिरात डोळ्यांपुढून गेल्यानंतर एका दिवसात झालेली खरेदीही जमा होते. गूगल अ‍ॅड्सच्या दृष्टीने ती आपल्या क्लिकमुळे झालेली असते. दोन्ही नियम आपापल्या जागी कळण्यासारखे आहेत. परंतु जाहिरात संस्थेचा कारकून जेव्हा दोन्हीकडचे आकडे एका सुंदर डॅशबोर्डवर आणून त्यांची बेरीज करतो, तेव्हा एका पेटीच्या दोन पेट्या होतात, आणि हंगामाच्या अखेरीस डॅशबोर्डवर विकलेल्या पेट्या बागेत लागलेल्या पेट्यांहून अधिक निघाल्या तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण डॅशबोर्ड पाहणारा माणूस आणि पेट्या भरणारा माणूस हे एका खोलीत बसत नाहीत.

त्या दोघांना एका खोलीत बसविणे हेच खरे काम आहे. बिलबुक उघडले म्हणजे आणखीही अनेक गोष्टी दिसू लागतात. खरेदीची नोंद यंत्र करते ती मागणी नोंदविली त्या क्षणी. पोहोचल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर मागविलेली आणि दार बंद असल्याने किंवा मन पालटल्याने परत आलेली पार्सले त्या नोंदीतून कोणी मुद्दाम वजा केल्याखेरीज वजा होत नाहीत. उलट जाहिरात पाहून ज्याने फोन केला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दोन पेट्या पाठवा’ असे लिहिले, तो आपल्याकडे जुना आणि भरवशाचा ग्राहक असला तरी यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसतो. खर्चाच्या रकान्यातही तसेच. अहवालात दिसणारा खर्च हा करापूर्वीचा असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, आणि ताज्या आंब्याच्या विक्रीवर जीएसटी माफ असल्यामुळे केवळ ताजा आंबाच विकणाऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे तो कर त्याच्या दृष्टीने निखळ खर्चच होय. शंभर रुपये खर्चून दोनशे रुपये नफा, असा जो हिशेब पडद्यावर दिसतो तो वस्तुतः एकशे अठरा रुपये खर्चून केलेला असतो.

यंत्राच्या आकड्यांवर इतका अविश्वास कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २०१६ च्या सप्टेंबरात खुद्द फेसबुकनेच दिले. लोक एखादा व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात हा आकडा काढताना भागाकारात फक्त तीन सेकंदांहून अधिक वेळ पाहणारेच मोजले जात होते, क्षणभर पाहून पुढे सरकणारे गाळले जात होते, आणि त्यामुळे सरासरी फुगत होती, हे त्या कंपनीने मान्य केले. पब्लिसिस या मोठ्या जाहिरात समूहाला ही फुगवट ६० ते ८० टक्के असावी असे कळविण्यात आले. चूक दोन वर्षे चालू होती. जाहिरातदारांनी लावलेला दावा २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर मिटला. त्या दोन वर्षांत जगातील किती तरी बुद्धिमान माणसांनी तो आकडा आपापल्या हव्या तशा अहवालात घेतला असेल, त्याचे रंगीत स्तंभ काढले असतील, परंतु अहवालाची कितीही उत्तम मांडणी त्यांना ती चूक दाखवू शकली नाही, कारण छेद त्यांच्या हाती नव्हता.

आणि आकडा निर्दोष असला तरी त्यातून कारण सिद्ध होत नाही, हे ईबे या कंपनीने स्वतःच्या खर्चाने दाखवून दिले आहे. टॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी तेथे केलेले प्रयोग २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मार्च २०१२ मध्ये ईबेने याहू आणि एमएसएन या शोधयंत्रांवर ‘ईबे’ या स्वतःच्या नावाखातर दिलेल्या जाहिराती बंद केल्या, तेव्हा त्या जाहिरातींवरून येणाऱ्या लोकांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक लोक लगेच त्याच पानावरील फुकटच्या दुव्यावरून येऊ लागले. ज्याने ‘ईबे’ असे टंकिले तो ईबेकडेच निघालेला होता; वाटेत उभे राहून त्याला नमस्कार करण्याचे पैसे कंपनी मोजीत होती. नंतर अमेरिकेच्या काही भागांत गूगलवरील जाहिराती बंद ठेवून आणि इतर भागांत चालू ठेवून तुलना केली, तेव्हा एकूण विक्रीवर परिणाम जवळजवळ नगण्य दिसला. जाहिरातीचा उपयोग झाला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांपुरता, नेहमीच्या ग्राहकांवर तिचा प्रभाव पडला नाही. याचा अर्थ जाहिरात निरुपयोगी असा मुळीच नाही, आणि जगप्रसिद्ध कंपनीचा निष्कर्ष देवगडच्या नवख्या बागायतदाराला जसाच्या तसा लावणेही चुकीचे ठरेल, कारण त्याचे नाव कोणी अद्याप ऐकलेलेच नसते. परंतु ‘क्लिकनंतर खरेदी झाली’ आणि ‘क्लिकमुळे खरेदी झाली’ या दोन विधानांतील अंतर कोणताही रकाना भरून काढीत नाही. ते जाहिरात काही काळ थांबवून पाहिल्यानेच कळते.

लहान व्यावसायिकालाही ते करता येते. पंधरा दिवस पुण्यात जाहिरात चालू ठेवावी, नाशिकात बंद ठेवावी, पुढील पंधरा दिवस उलट करावे, आणि दोन्ही शहरांतून प्रत्यक्ष पैसे आलेल्या मागण्या फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप धरून बिलबुकातून मोजाव्यात. बारा आणि पंधरा असला फरक निघाला तर त्यावरून काहीही ठरवू नये, तो योगायोग असू शकतो. बारा आणि चाळीस असा निघाला तर मात्र त्याला अर्थ आहे.

जाहिरात संस्थांविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या संस्थेचे शुल्क आपल्या जाहिरातखर्चाच्या टक्केवारीवर ठरलेले आहे, तिच्याकडून खर्च कमी करा असे सांगणाऱ्या अहवालाची अपेक्षा करणे हा त्या संस्थेवरच अन्याय आहे. शुल्क ठरीव रकमेचे असावे, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच दोन्ही पक्षांनी एका कागदावर लिहून काढावे की विक्री म्हणजे काय, परत आलेला माल कसा धरावयाचा, श्रेय किती दिवसांपर्यंत द्यावयाचे, खर्चात कर आणि शुल्क मिळवावयाचे की नाही. पुष्कळ चांगल्या संस्था हे आनंदाने करतात, कारण त्यामुळे वाद टळतात. अहवालाच्या साधनात रकाने मांडावयाचे ते या कागदानंतर, आणि या कागदाबरहुकूम. आकडे पाहून झाल्यावर व्याख्या ठरविण्याची जी सवय लागली आहे ती सोडली पाहिजे.

ज्यांची जाहिरातीची खाती आज दुसऱ्याच्या ईमेलवर उघडलेली आहेत त्यांनी या आठवड्यात एवढे करावे: गूगल आणि मेटा दोन्हीकडील खात्यांचे प्रशासक म्हणून स्वतःचे नाव घालून घ्यावे, अ‍ॅनालिटिक्समधील नोंदी राखण्याची मुदत दोनवरून चौदा महिन्यांवर न्यावी, आणि गेल्या हंगामाची जी आकडेवारी अजून शिल्लक असेल ती आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी. संस्थेशी करार संपला आणि खाते तिच्याच नावावर राहिले, तर त्यातील सर्व वर्षांच्या नोंदी तिच्याबरोबर जातात.