कमांड शिकवा, पण तपासायलाही शिकवा

‘सेज’ ही गणिताची मुक्त संगणकप्रणाली. तिच्यावरचे ग्रेगरी बार्ड यांचे ‘सेज फॉर अंडरग्रॅज्युएट्स’ हे पाठ्यपुस्तक २०१५ साली आले. जानेवारी २०२० मध्ये सेज ९.० पायथन या संगणकभाषेच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेले आणि ‘प्रिंट’पुढे कंस नसलेल्या जुन्या ओळी चालेनाशा झाल्या. २०२२ मध्ये पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढावी लागली. यावर काहींचे म्हणणे असे, की पाच-सात वर्षांत शिळे होणारे पुस्तक हवेच कशाला? सगळी माहिती नेटवर फुकट आहे, मुले शोधून घेतील.

शोधता त्यालाच येते, ज्याला आपले चुकले आहे हे कळते. सेजमध्ये २^३ लिहिले की ८ मिळतात, साध्या पायथनमध्ये १. चूक झाल्याचा संदेश येत नाही, कारण तिथे हे चिन्ह घाताचे नसून द्विमान अंकांवरच्या वेगळ्याच क्रियेचे आहे. विद्यार्थी १ हे उत्तर उतरवून मोकळा होतो. त्याने शोधायचे तरी काय?

दुसरा पक्ष म्हणतो, कमांड वाढवा, स्क्रीनची चित्रे छापा, म्हणजे प्रॅक्टिकल सुटेल. सुटेल की! जर्नलवर सहीही होईल. गणित मात्र होते तिथेच राहील, आणि चित्रे पुढच्या आवृत्तीत जुनी होतील.

मग सुधारायचे काय? एक उदाहरण घ्या. (१ − कॉस क्ष) भागिले क्ष² याची, क्ष शून्याकडे जाताना, सीमा १/२ असते. विद्यार्थ्याने ती वहीत काढलेली असते. आता क्ष = ०.०००००००१ घालून संगणकाला दशांशात किंमत विचारा. उत्तर येते शून्य! संगणक सुमारे १६ सार्थ अंक धरतो. कॉसची किंमत १ च्या इतकी जवळ जाते की त्याच्या लेखी ती १ च होते आणि वजाबाकीत काही उरत नाही. अंश २ साइन²(क्ष/२) असा लिहिला, की तोच संगणक ०.५ देतो.

प्रत्येक प्रकरणात असे एक तरी उदाहरण हवे. कमांड चालवण्याआधी अंदाज लिहायला लावावा, नंतर दुसऱ्या वाटेने पडताळा घ्यायला. कोणत्या आवृत्तीवर कोड तपासला ते पहिल्या पानावर छापावे. कमांडची यादी परिशिष्टात जावी.

अभ्यासमंडळांनी पुस्तक निवडताना त्यात कमांड किती, हे मोजू नये. संगणकाचे उत्तर ते किती ठिकाणी तपासायला लावते, एवढे पाहावे.