बरें वाटल्यावरचें औषध

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. तो सांगण्यांत आमचाच दोष उघड होतो. परंतु दुसऱ्या कुटुंबांस त्यापासून कांहीं लाभ होणार असेल, तर तो झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंच्या सुनेस वर्षापूर्वीं रक्तमिश्रित शौचाचा त्रास सुरू झाला. संकोचामुळें तिनें तो कित्येक दिवस लपविला. शेवटीं मानोऱ्याहून अकोल्यास नेऊन दुर्बिणीनें तपासणी केली, तेव्हां मोठ्या आंतड्याच्या अस्तरास दाह व व्रण असल्याचें आढळलें. डॉक्टर या विकारास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. मेसालामाईनच्या गोळ्यांनीं कांहीं महिन्यांत ती पूर्ववत् झाली. गोळ्या मात्र चालूच. तेव्हां आम्हीच वडीलकीच्या नात्यानें म्हणालों, "सूनबाई, आतां बरें आहे ना? मग रोज औषध कशाला?" तिनें आमचा शब्द मानला. चार महिन्यांत रोग उलटला व तिला रुग्णालयांत ठेवावें लागलें.

"मोठे मामंजी, गोळी घेत होतें म्हणूनच बरी होतें," एवढेंच ती अंथरुणावरून म्हणाली.

जन्मभर संस्कृत शिकविलेल्या आम्हांस त्या क्षणीं एक जुना शब्द आठवला व लाज वाटली. साध्य आणि असाध्य यांखेरीज आयुर्वेदानें रोगांचा 'याप्य' असाहि एक भेद मानला आहे. असा रोग समूळ जात नाहीं. उपचार चालू असेतों ताब्यांत राहतो. सुश्रुतानें त्यास पडूं पाहणाऱ्या घराच्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. घर उभें दिसतें म्हणून कोणी टेकू काढील काय?

आधुनिक वैद्यकाचा अनुभवहि असाच आहे. स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्त्झ यांनीं १९४० च्या सुमारास सांधेदुखीसाठीं सिद्ध केलेलें सल्फासॅलाझिन या विकारावर गुणकारी ठरलें. पुढें १९६५ सालीं इंग्लंडांतील डॉक्टरांनीं बऱ्या झालेल्या रोग्यांवर वर्षभर प्रयोग केला, तेव्हां औषध चालू ठेवणाऱ्यांत रोग उलटण्याचें प्रमाण पुष्कळच कमी आढळलें. जपानचे शिंझो आबे यांनीं २००७ सालीं पंतप्रधानपद सोडलें, त्यांत याच व्याधीचा भाग होता. उपचारांनीं सांवरून ते २०१२ पासून पुन्हा पावणेआठ वर्षें त्या पदावर राहिले. २०२० सालीं रोगानें पुन्हा डोकें वर काढलें, हेंहि विसरतां कामा नये.

नित्याच्या औषधास नित्याची देखरेखहि हवी. मेसालामाईन घेणाऱ्यानें मूत्रपिंडांची व अझाथायोप्रिन घेणाऱ्यानें रक्ताची वेळोवेळीं तपासणी करावी. सल्फासॅलाझिननें लघवी नारिंगी होते, त्यास भिऊं नये. स्टेरॉइड हें उठाव शमविण्यापुरतें. तें वर्षानुवर्षें घेऊं नये, आणि एकाएकीं सोडूंहि नये. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊं नयेत. रोग सुरू होऊन आठ वर्षें झाल्यावर आंतड्याच्या कर्करोगाच्या शंकेनें दुर्बिणीची तपासणी अवश्य करून घ्यावी. औषधाचा फेरफार डॉक्टरांनीं करावा. घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं नव्हे.

मोठ्या कुटुंबांत प्रेमानें दिलेला सल्ला नाकारणें सुनेस जड जातें. म्हणून तो देतांना वडिलांनींच जपलें पाहिजे. आतां सकाळीं तिच्या चहाच्या कपाशेजारीं गोळी ठेवण्याचें काम आम्हीं आपणाकडे घेतलें आहे.