ड्रोन घ्यायच्या आधी गिऱ्हाईक शोधा

"सर, ड्रोन घेतो, सागाच्या लागवडीची तपासणी करून देतो. कर्ज काढू का?" पाचोऱ्यात माझ्या दुकानात हा प्रश्न हल्ली येतोच. माझं स्पष्ट मत: आत्ता नको.

धंदा खोटा नाही. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. एवढी झाडं पायी फिरून कोण बघणार? इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा ड्रोन पानांवरचा ताण डोळ्याला दिसायच्या आधीही पकडू शकतो.

पण साग उन्हाळ्यात पानं गाळतो. एप्रिलमध्ये ड्रोन उडवला तर धडधाकट झाडही आजारी दिसेल! पावसाळ्यात पानांची जाळी झाली, तर मात्र अळी शोधा. म्हणजे ड्रोन "कुठे" ते सांगतो; "का" ते झाडाजवळ जाऊनच कळतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते या "का"चे, फोटोचे नाही.

म्हणून आधी झाडं शिका. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतून रिमोट पायलटचं प्रमाणपत्र घ्या. दहावी पास चालतं. मग ड्रोन भाड्याने आणून दोन-तीन कामं करा. त्यांनी परत बोलावलं, तरच बँकेची पायरी चढा. हप्ता ड्रोन नाही, गिऱ्हाईक फेडतं!