दुसरा कॅल्क्युलेटर पहिल्यासारखाच हवा

नगरच्या नागापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या घरांतली पुष्कळ मुले दहावी-बारावीनंतर पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंगकडे वळतात. मनमाड रस्त्याने थोडे पुढे गेले की विळद घाटात विखे पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नगर शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे. ज्या मुलाने बोर्डाच्या परीक्षेपर्यंत लॉग टेबलावर दिवस काढले, त्याच्या हाती पहिल्या सत्रात एकदम सायंटिफिक कॅल्क्युलेटर येतो. गणिताच्या एम-१, एम-२ पेपरांत तो अध्येमध्ये बंद पडला तर काय, ही भीती मग घरभर पसरते. एक जास्तीचा कॅल्क्युलेटर घ्यायचे ठरते, आणि परदेशी असलेल्या एखाद्या काकांना निरोप जातो: येताना ग्राफिंग कॅल्क्युलेटर आणा.

हा निरोप पाठवू नये.

अमेरिकेत त्या यंत्राला जागा आहे. कॅसिओने १९८५ मध्ये एफएक्स-७००० जी बाजारात आणला, तो पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ आणि टीआय-८४ ने तिथल्या शाळा व्यापल्या. एपी कॅल्क्युलस परीक्षेच्या एका भागात १९९५ पासून ग्राफिंग कॅल्क्युलेटर आवश्यक ठरला, आणि विद्यार्थ्याला दोन यंत्रे सोबत नेण्याची मुभाही तिथे आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरात जास्तीचा टीआय-८४ असणे म्हणूनच शहाणपणाचे. आपल्याकडेही आयबी अभ्यासक्रमाच्या शाळांत तो लागतो. पुण्याजवळ मुळशीचे यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज हे त्यातले एक उदाहरण.

नागापूरच्या मुलाची परीक्षा वेगळी आहे. पॉलिटेक्निकला तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवरच लिहिलेले असते की फक्त नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर चालेल. ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅम साठवता येतात, त्यामुळे तो दारातच अडतो. जेईईत तर कुठलाच कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि गेटमध्ये संगणकाच्या पडद्यावरचाच वापरावा लागतो. दहा हजारांच्या पुढची वस्तू घरी ठेवून पेपरला जायचे असेल, तर तिला बॅकअप कशाला म्हणायचे?

मग घ्यायचा कोणता? पहिला जो असेल तोच, त्याच मॉडेलचा. इंजिनिअरिंगच्या मुलांत कॅसिओचा ९९१ ईएस प्लस सर्रास दिसतो. हजार-दीड हजारांत मिळतो, सोलर पट्टीबरोबर बटण-सेलवरही चालतो. त्याच कंपनीचा नवा ९९१ सीडब्ल्यू जास्त सक्षम आहे, पण त्याची रचना पार बदललेली आहे. जुने मोड बटण गेले, उत्तर अपूर्णांकातून दशांशात आणणारी कळ जागेवर नाही, सगळे मेनूतून शोधावे लागते. घाईच्या तासाला बोटांची सवय मोडली की पाच मिनिटे सहज जातात. शिवाय दुसऱ्या यंत्राची मांडणी आदल्या रात्रीच पाहून घ्यायला हवी. अंशांऐवजी रेडियन लावलेले राहिले तर साइन ३० चे उत्तर ०.५ न येता उणे ०.९८८ येते, आणि यंत्र काही चूक दाखवत नाही. पडद्यावर वर बारीक डी आहे की आर, एवढेच बघायचे असते. खरेदी मात्र पावती देणाऱ्या दुकानातूनच करावी, कारण नकली कॅसिओ बाजारात भरपूर आहेत.

आलेखाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. मोबाईलवर जिओजेब्रा फुकट मिळते. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात ते सुरू केले, आणि टीआय-८४ च्या जुन्या ९६ बाय ६४ ठिपक्यांच्या पडद्यापेक्षा त्यावरची वक्ररेषा कितीतरी स्पष्ट दिसते. त्याहून मोलाची सोय मात्र ९९१ ईएस प्लसमध्येच आहे, आणि ती वापरायला मुलांना फारसे कुणी सांगत नाही. मोड दाबून ७ दाबला की टेबल उघडते. एक्सचा घन वजा ३ एक्स हे फल भरावे, सुरुवात उणे ३, शेवट ३, पायरी ०.५. तेरा ओळींचा तक्ता समोर येतो. उणे १ पाशी किंमत २ वर चढते, ० पाशी शून्य होते, १ पाशी उणे २ वर उतरते आणि पुन्हा वर निघते. हे बिंदू ग्राफ पेपरवर मांडून हाताने जोडले की डेरिव्हेटिव्ह कुठे शून्य होते हे मुलाला दिसते. तयार आलेख बघून इतके कळत नाही. पायरी चुकली तर फसगतही होते. साइन पाय एक्स रेडियनमध्ये ठेवून पायरी १ दिली की सगळ्या ओळींत शून्यच येते, जणू लाट नाहीच. पायरी ०.२५ करून लाट वर आली की हा धडा पक्का होतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग प्रश्नपत्रिकांवरील सूचनांत वर्षानुवर्षे लॉग टेबल, स्लाइड रूल आणि पॉकेट कॅल्क्युलेटर चालेल असे छापलेले आहे. कुठला कॅल्क्युलेटर, हे त्या ओळीतून नीट कळत नाही. पालकांचे पैसे याच धूसरपणात अडकतात. चालणाऱ्या मॉडेलांची यादी प्रवेशाच्या वेळीच कॉलेजच्या फलकावर लागली पाहिजे. आणि प्रत्येक परीक्षा केंद्रावर सर्रास वापरात असलेल्या मॉडेलचे आठ-दहा कॅल्क्युलेटर राखून ठेवावेत. त्यांचा सगळा खर्च एका ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या आसपास येतो, आणि ज्या घराला दुसरा घेणे परवडत नाही, त्या घरातल्या मुलाचाही पेपर अडत नाही.