घरी बिअर बनवणं गुन्हा आहे का? माल्ट एक्स्ट्रॅक्ट ऑनलाइन मिळतं, मग अडचण कुठे?

भिवंडी हे देशातल्या मोठ्या गोदाम-केंद्रांपैकी एक. मुंबई-ठाण्यात ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी वस्तू इथूनच घरोघरी पोहोचतात. माल्ट एक्स्ट्रॅक्टही असंच ऑनलाइन मागवता येतं. सोबत हॉप्स आणि यीस्ट घेतलं की इंग्लंडच्या पबमध्ये मिळते तशी 'बिटर' बिअर घरी बनवता येते, असं सांगणारे व्हीडिओही भरपूर आहेत. पण महाराष्ट्रात हे कायदेशीर आहे का?

बिटर बनते कशी?

माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा आटवलेला गोड अर्क. तो पाण्यात साधारण तासभर हॉप्ससोबत उकळतात. हॉप्सच्या फुलांमुळे बिअरला कडवटपणा येतो. मिश्रण थंड झालं की त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं. त्यासाठी साधारण १८ ते २२ अंश तापमान लागतं. भिवंडीच्या उन्हाळ्यात ते राखणं अवघडच.

कायदा काय सांगतो?

माल्ट एक्स्ट्रॅक्ट हा खाद्यपदार्थ आहे. बेकरीत आणि माल्टच्या पेयांत तो वापरला जातो. त्यामुळे तो विकत घेणं हा गुन्हा नाही. मात्र १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम १२ परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई करतं. विक्रीसाठी की स्वतःसाठी, असा फरक त्यात नाही. मद्य बनवण्यासाठी साहित्य किंवा भांडी बाळगणं हाही कलम ६५ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी कैद आणि दंड होऊ शकतो. दारू पिण्याचा परवाना असला, तरी त्यामुळे ती बनवण्याची मुभा मिळत नाही.

इतकी कडक भूमिका का?

हा कायदा मुंबई राज्याच्या दारूबंदीच्या काळातला. १९६० नंतर गुजरातने बंदी कायम ठेवली, तर महाराष्ट्राने परवाने देण्याचा मार्ग धरला. पण चौकट तीच राहिली: आधी बंदी, मग परवान्यापुरती सूट. शिवाय विषारी दारूची भीती आहेच. २०१५ मध्ये मालवणीत अशा दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. तिथे जीवघेणं ठरलं ते मिथेनॉल. बिअर आंबवताना मिथेनॉलचा असा धोका नसतो, पण बंदी दोन्हींना सारखीच लागू होते.

इतरत्र काय?

ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने प्रौढांना ठरावीक मर्यादेत करमुक्त घरगुती बिअर बनवण्याची मुभा दिली. दोन्हीकडे अशी बिअर विकता मात्र येत नाही.

भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. त्यामुळे अशी सूट द्यायची की नाही, हे राज्यालाच ठरवावं लागेल. तोपर्यंत डबा घरपोच आला, म्हणून त्यातून बिअर बनवणं कायदेशीर ठरत नाही.