दुकानांना रात्र मोकळी, दरबारीला दहाची वेळ

राज्यातील दुकाने, उपाहारगृहे आणि मॉल चोवीस तास उघडे ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही, असे राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले. मद्यविक्रीची ठिकाणे तेवढी वगळण्यात आली. मुळात ही मुभा २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच होती. पोलीस आणि स्थानिक यंत्रणा ती मानत नाहीत, अशा तक्रारी आल्याने खुलासा करावा लागला. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये मुंबईत ‘नाइटलाइफ’चा प्रयोग गाजावाजा करून सुरू झाला आणि दोन महिन्यांत करोनाच्या टाळेबंदीत विरून गेला. या साऱ्या चर्चेत रात्र म्हणजे खाणे, पिणे आणि खरेदी, हे समीकरण गृहीत धरलेले दिसते. महाराष्ट्रातील शहरांना स्वतःचे असे एक रात्रजीवन होते, ते अनेक पिढ्या नांदले आणि ते प्रामुख्याने गाण्याचे होते, याची आठवण धोरण आखणाऱ्यांना झालेली नाही.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचा प्रवाह सुरू झाला. पुढे बालगंधर्वांच्या काळात पाच अंकी नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, पदांना ‘वन्स मोअर’ पडत आणि प्रेक्षक उजाडता उजाडता घरी परतत. नाटकाची ती रीत ओसरली, पण रात्र जागवण्याची सवय मैफलींनी टिकवली. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला पुण्यातील महोत्सव हा या सवयीचा सर्वांत मोठा उत्सव. सतरंजी, शाल, थर्मास आणि पहाटेची भैरवी ही त्याची कित्येक दशके ओळख होती. आज ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ या नावाने तो डिसेंबरात भरतो, गर्दीही तशीच असते. फक्त रात्र उरलेली नाही.

हा बदल पुण्यातल्या रसिकाला जेवढा जाणवतो, त्याहून अधिक दुरून येणाऱ्याला जाणवतो. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावातून निघणाऱ्या रसिकाचा हिशेब मांडून पाहावा. परभणीपर्यंत एसटी, पुढे रेल्वे किंवा रात्रीची खासगी बस, असा रात्रभराचा प्रवास करून तो सकाळी पुण्यात उतरतो. हाताशी दोन दिवस. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यांचे दालन पाहावे. १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धनांनी स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयावरून एक चक्कर मारावी. बालगंधर्वांच्या जन्मदिनी, २६ जून १९६८ रोजी उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पायऱ्यांवर क्षणभर टेकावे. दिवस असा सहज भरतो. दुपारी तीन-चारच्या सुमारास महोत्सवाच्या मंडपात जागा धरायची आणि शेवटचा कलाकार रंगात येतो न येतो तोच घड्याळाकडे पाहायचे. दहा वाजता मंडप रिकामा होतो. पूर्वी हाच रसिक पहाटेची मैफल संपवून थेट परतीची गाडी धरू शकत असे आणि मुक्कामाचा खर्च वाचे. आता त्याला लॉजची खोली घ्यावी लागते. खोलीकडे जाताना वाटेत शहराची दुसरी रात्र नुकती सुरू झालेली असते. परवानाधारक पबमध्ये रात्री दीडपर्यंत ध्वनिवर्धकावर संगीत वाजू शकते, कारण तो बंदिस्त जागेत असतो. मंडप बंदिस्त नसतो. कायद्याच्या दृष्टीने एवढाच फरक आहे.

तो कायदा नीट पाहायला हवा, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास त्यांनी बंदी घातली. सभागृहासारख्या बंदिस्त जागा मात्र वगळल्या. २०१० च्या दुरुस्तीने ध्वनिवर्धकाच्या जोडीला वाद्येही बंदीच्या कक्षेत आणली. म्हणजे निव्वळ तबला-पेटीवर उघड्या अंगणात मध्यरात्री बैठक केली, तरी अक्षरशः पाहता नियमभंग होतो. २००२ च्या दुरुस्तीने राज्यांना सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. या पंधरा दिवसांची वाटणी जिल्हा पातळीवर होते. त्यातला मोठा वाटा गणेशोत्सव आणि नवरात्राकडे जातो, काही दिवस जयंत्या आणि नववर्षाच्या पूर्वसंध्येला लागतात, आणि उरलेच तर महोत्सवाच्या एखाद्या रात्री बारापर्यंत गाता येते. अभिजात संगीताची रात्र ही अशी उरल्यासुरल्या सवलतीची धनी आहे.

येथे नियमालाच खलनायक ठरवण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे ती उगाच नाही. आजारी माणूस, परीक्षेचा विद्यार्थी, पहाटे कामावर जाणारा कामगार यांना झोपेचा हक्क आहे आणि तो हक्क मिळवण्यासाठी नागरिकांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. डीजेच्या भिंतींनी ज्या शहरांची छाती दणाणते, तेथे दहाची मर्यादा सैल करा म्हणणे म्हणजे तानपुऱ्याच्या आडून त्या भिंतींनाच वाट करून देणे. ‘अभिजात संगीताला वेगळा न्याय द्या’ ही मागणी वरचेवर होते. ती ऐकायला गोड असली तरी न्यायालयात टिकणारी नाही, आणि टिकूही नये. आवाज कोणत्या रागाचा आहे, हे भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला विचारून उपयोग नाही.

तरीही काहीतरी मोलाचे हातचे गेले आहे. हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते आणि ती नुसती पोथीतली नसते. दरबारी कानडा मध्यरात्रीचा. त्याचा आंदोलित कोमल गंधार गर्दीच्या, घड्याळाच्या आणि ‘शेवटची दहा मिनिटे’ या सूचनेच्या सान्निध्यात बसत नाही. मालकंसाचे तसेच. सोहनी रात्रीच्या अखेरच्या प्रहराचा, ललत त्यानंतर उजाडण्याआधीचा, मग भटियार, मग भैरव. ही उतरण सलग ऐकलेला श्रोता रागांकडे वेगळ्या नजरेने पाहतो, कारण त्याने अंधार पातळ होताना आणि स्वर बदलताना एकाच बैठकीत अनुभवलेले असतात. आजच्या विशी-तिशीतल्या महाराष्ट्रीय श्रोत्याला ही सलगता फारशी लाभलेली नाही. त्याने दरबारी ऐकला असेल तर रात्री नऊ वाजता, बहुधा आवरता घेतलेला. ललत ऐकला असेल तर ध्वनिमुद्रणावर. कलाकारावरही त्याचा परिणाम होतो. जो राग मंचावर मांडायची वेळ सहसा येत नाही, तो रियाजात राहिला तरी मैफलीत पिकत नाही.

अर्थात हिशेबाची दुसरी बाजूही आहे. सत्रे दुपारी सुरू होऊ लागल्याने मुलतानी, पटदीप, मधुवंती या रागांना भरल्या मंडपाचे श्रोते मिळाले. रात्रभराच्या मैफलीत त्यांना मुळी जागाच नसे. पूरिया धनाश्री आणि मारवा नेमक्या कातरवेळी ऐकण्याचे भाग्यही त्यामुळेच लाभले. शिवाय ‘दिवाळी पहाट’ नावाचा प्रकार गावोगावी रुजला आणि सकाळच्या रागांना वर्षातून एकदा तरी हक्काची गर्दी मिळू लागली. जरी तेथेही सहाची मर्यादा आहे आणि रागांपेक्षा भावगीतांचीच चलती असते. रात्रभर जागण्याची उमेद श्रोत्यांतच कमी झाली आहे, दुसऱ्या दिवशीची कचेरी कोणाला चुकत नाही, हे म्हणणेही अगदी खोटे नाही. मात्र उमेद आजमावून पाहण्याची संधीच दोन दशके मिळाली नसताना ती संपली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

याच नियमांखाली देशातील दुसरी शहरे काय करतात, हे पाहिल्यास कोंडी दिसते तितकी पक्की नाही असे लक्षात येते. कोलकात्यातील डोव्हर लेन संगीत परिषद १९५२ मध्ये सुरू झाली, म्हणजे पुण्याच्या महोत्सवाहून वर्षभराने वडील. ती जानेवारीत भरते आणि नझरुल मंचावर रात्र उजाडेपर्यंत चालते. तेथील श्रोते वेगळ्या हाडामांसाचे आहेत असे नाही. त्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, हा फरक. वाराणसीत संकटमोचन मंदिराच्या प्रांगणात हनुमान जयंतीच्या सुमारास होणारा समारोहही रात्र जागवतो. त्यामागे देवस्थानचे आणि परंपरेचे बळ आहे. युनेस्कोने वाराणसीला २०१५ मध्ये, चेन्नईला २०१७ मध्ये आणि ग्वाल्हेरला २०२३ मध्ये ‘संगीताचे शहर’ म्हणून आपल्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात घेतले. महाराष्ट्रातील एकाही शहराचे नाव संगीतासाठी त्या यादीत नाही. किराणा, ग्वाल्हेर आणि जयपूर या तिन्ही घराण्यांना ज्या भूमीने आसरा दिला, तिच्याबाबत हे घडावे याचे नवल वाटते.

पुण्याची अडचण अशी, की हजारो श्रोते सामावणारे, ध्वनिरोधक आणि संगीतासाठीच बांधलेले सभागृह शहरात नाही. बालगंधर्व रंगमंदिराची आसनक्षमता हजाराच्या आत आहे. म्हणून महोत्सव कायम मैदानावर राहिला. वर्षानुवर्षे रमणबाग शाळेच्या प्रांगणात आणि २०१८ पासून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. मैदानाचा एक गुण मात्र विसरू नये. तेथे भारतीय बैठकीचे तिकीट सामान्यांच्या आवाक्यात राहते. उद्या एखादे चकचकीत सभागृह उभे राहिले आणि तिकीट चौपट झाले, तर रात्र परत मिळेल, पण ती पुण्यातल्याच मोजक्यांना. जवळा बाजारचा रसिक पुन्हा दाराबाहेरच. तेव्हा सभागृह सार्वजनिक पैशातून व्हावे आणि त्यात सतरंजीची जागा असावी, या दोन अटी बांधकामाच्या आराखड्यातच घालायला हव्यात.

तोवर करण्यासारखे काहीच नाही असेही नाही. महापालिकेची नाट्यगृहे सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन सत्रांत भाड्याने दिली जातात. महिन्यातून एखाद्या शनिवारी मध्यरात्र ते पहाट असे चौथे सत्र संगीत संस्थांना देण्यात नियमांचा अडसर नाही, कारण नाट्यगृह बंदिस्त आहे. अडसर आहे तो कर्मचाऱ्यांच्या पाळीचा, सुरक्षेचा आणि वाहतुकीचा. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली पुणे मेट्रो रात्री अकराच्या सुमारास थांबते. दुकाने चोवीस तास उघडी ठेवायची तर त्यांत काम करणाऱ्यांनाही घरी पोहोचावे लागेल. त्यांच्यासाठी जी रात्रीची बस सुरू करावी लागणार आहे, तीच मैफलीच्या श्रोत्याला चालेल. रात्रीचे अर्थकारण उभारायचे म्हणतात ते याच मार्गाने उभे राहते. साउंडवाला, चहावाला, रिक्षावाला आणि लॉजचा मॅनेजर हे सगळे गाण्याच्या रात्रीवरही पोट भरतात, आणि त्या रात्रीनंतर पोलिसांना कोणाची तोंडे हुंगत बसावे लागत नाही.

छोट्या शहरांकडेही या नजरेने पाहायला हवे. सतार आणि तानपुऱ्यासाठी मिरजेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९३७ मध्ये निधन पावलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीने तेथील दर्ग्याच्या उरुसात संगीतसभा होते. कोल्हापुरात १८८३ पासूनचे गायन समाज देवल क्लब आहे. दोन दिवसांच्या सहलीसाठी पुण्यापेक्षाही नेमका असा हा पल्ला आहे, पण पर्यटन खात्याच्या पत्रकांत किल्ले, समुद्र आणि देवळे यांच्यापुढे तंतुवाद्यांची गल्ली सहसा पोहोचत नाही.

आणि जवळा बाजार ज्या तालुक्यात आहे, त्या औंढा नागनाथची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. देवळासमोर कीर्तनाला मज्जाव झाला म्हणून नामदेव मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी ती आख्यायिका. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. या पट्ट्यात अखंड हरिनाम सप्ताहाचे कीर्तन आजही रात्रीचे जेवण उरकल्यावर रंगते आणि दहाचा काटा तेथेही आडवा येतो. सप्ताहाच्या मंडपालाही भिंती नसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृह बांधा, ही मराठवाड्यातील जुनी मागणी आजवर नाटकवाल्यांची मानली गेली. दहानंतरच्या कीर्तनाला आणि गाण्याला कायदेशीर छप्पर त्याच इमारतीत मिळू शकते, हे लक्षात घेऊन निधीचे प्रस्ताव तयार झाले, तर पुण्याला जाण्याआधी रात्रीची एक बैठक हिंगोलीतही बसवता येईल.