सभेत उभे राहताना

ग्रामसभेत पाणीपुरवठ्याचा विषय निघतो. वस्तीतल्या नळाला कित्येक दिवसांत पाणी आलेले नाही, हे मागच्या रांगेत बसलेल्या बाईला पुरते ठाऊक असते. काय बोलायचे, हे तिने घरून निघतानाच ठरवलेले असते. पण वेळ येताच छाती धडधडू लागते, घशाला कोरड पडते आणि शब्द ओठांवरच थांबतात. सभा संपते. नळ कोरडाच राहतो.

ही भीती म्हणजे स्वभावातला दोष नव्हे. अनेक डोळे एकाच वेळी आपल्यावर रोखले गेले की मनाला संकटाची चाहूल लागते. ॲड्रेनलिन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात. विद्वानांनाही हा अनुभव येतो. परंतु भीतीचे मूळ केवळ शरीरात नसते. ‘मोठ्या माणसांत बोलू नये’ हे ऐकत वाढलेल्या मुली, शाळा अर्धवट सुटलेली माणसे, आपल्या बोलीला कोणी हसेल अशी धास्ती बाळगणारे श्रमिक यांच्या मनात समाजानेच ती खोलवर रुजवलेली असते.

महात्मा गांधींचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असताना शाकाहारी मंडळाच्या बैठकीत त्यांना स्वतः लिहून आणलेले विचारही वाचून दाखवता आले नाहीत. ते दुसऱ्या कोणी तरी वाचले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीस उभे राहिले, पण त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. त्यांनी ते काम सोडून दिले. पुढे 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर अपमानाचे चटके त्यांनी स्वतः सोसले आणि प्रिटोरियातील हिंदी लोकांची सभा बोलावली. व्यापारातील सचोटी आणि तेथील हिंदी लोकांच्या अडचणी यांवर ते बोलले. हे आपले आयुष्यातील पहिले जाहीर भाषण, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

मधल्या काळात त्यांच्या कंठात काही जादू संचारली नव्हती. ‘मी कसा दिसेन, मी कसा बोलेन’ या चिंतेपेक्षा समोरच्या माणसांचे दुःख मोठे झाले होते. भीतीवर मात करण्याचे मर्म येथेच आहे. वक्तृत्व म्हणजे पाठांतर आणि टाळ्या, अशी समजूत स्पर्धांमुळे रूढ झाली आहे. पण पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द विसरला की सारेच कोसळते. त्याऐवजी सांगायचे दोन-तीन मुद्दे कागदावर टिपून घ्यावेत. पहिले वाक्य मात्र पक्के असावे. घरातल्या माणसांसमोर, मग बचत गटात, मग सभेत, असा क्रम ठेवावा. अडखळल्यास क्षणभर थांबून श्वास घ्यावा. श्रोते तेवढा वेळ थांबतात. आणि बोलावे ते आपल्याच भाषेत. पाणी मागण्यासाठी अलंकारांची गरज नसते.

श्रोत्यांवरही एक जबाबदारी आहे. अडखळणाऱ्याला हसणारी सभा फक्त एका माणसाला गप्प करत नाही. ती पुढे बोलू इच्छिणाऱ्या दहा जणांचे तोंड बंद करते.

1993 मध्ये अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आणि पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. कायदा माणसाला सभेत बसण्याचा अधिकार देतो. तेथे उभे राहण्याचे बळ मात्र त्याला स्वतःच कमवावे लागते. भीती पूर्णपणे जाईपर्यंत थांबणाऱ्याची वेळ कधीच येत नाही. थरथरत्या आवाजात विचारलेला प्रश्नही इतिवृत्तात नोंदवता येतो. मनातल्या मनात विचारलेला प्रश्न कोठेच नोंदला जात नाही.